शेगडीचा खरा शत्रू

दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातील (१७९८-१८३२) पाककृती तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठीत जपून ठेवल्या आहेत. अंगणातली कोळशाची शेगडी मात्र ज्याची त्यानेच जपायची! इथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. त्यात शेगडी गंजली की दोष विस्तवाला दिला जातो. खरे तर पत्रा खाते ती तळाशी राहिलेली राख. राखेतले क्षार ओल धरून ठेवतात. त्यात मसाल्यातले मीठ ठिबकले की गंज आणखी लवकर चढतो.

म्हणून निखारे पूर्ण विझल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळी, राख काढून टाकावी. तापलेल्या शेगडीवर पाणी ओतू नये. बिडाची असेल तर तडकते. जाळी कोमट असतानाच नारळाच्या काथ्याने घासून तिच्यावर तेलाचा हात फिरवावा. शेगडी विटांवर ठेवावी. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळली तर आत ओल कोंडते. त्यापेक्षा हवेशीर पडवी बरी.

पण पावसाच्या भीतीने धुमसती शेगडी घरात मात्र आणू नये. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. बंद खोलीत माणसे झोपेतच दगावतात.