दोन राज्यांची चौदा गावे

जिवती तालुक्यातल्या परमडोली, मुकादमगुडा, महाराजगुडा या गावांत एकाच माणसाकडे दोन राज्यांची मतदार ओळखपत्रे आणि घरात दोन रेशनकार्डे सापडतात. शाळाही दोन, एक मराठी आणि एक तेलुगू. अशी चौदा गावे चंद्रपूर जिल्ह्यात मोडतात आणि तेलंगणातल्या आसिफाबाद जिल्ह्यातही. महाराष्ट्र १९९७ च्या न्यायालयीन निकालाचा आधार घेतो. पलीकडच्या योजना मात्र येतच राहिल्या. जुलै २०२५ मध्ये ही गावे पूर्णपणे महाराष्ट्रात घेण्याची घोषणा राज्य सरकारने केली.

हा गुंता मुळात नकाशाच्या ओढाताणीतून आला. निजामाचे राज्य आणि चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा यांच्यात वर्धा नदीची हद्द होती, तेव्हा राजुरा, ज्यात आजचा जिवती तालुकाही येई, निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये हैदराबाद राज्य मोडले, राजुरा मराठी म्हणून नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याकडे आला. नदी मागे राहिली, राज्याची हद्द माणिकगडच्या डोंगरांत चढली. तिथे वर्धेसारखी उघड खूण नव्हती.

याच हद्दीवरच्या, गोदावरीकाठच्या सिरोंच्याची कथा याहून जुनी आहे. १८६० च्या तहात निजामाने गोदावरीच्या डाव्या काठचा मुलूख इंग्रजांना दिला, त्यातून अप्पर गोदावरी जिल्हा झाला आणि सिरोंचा त्याचे ठाणे. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडून सिरोंचा चांद्यात आला. १९०७ मध्ये नुगूर, अल्बाका आणि चेर्ला हे खालचे तालुके मद्रास इलाख्याला देऊन टाकले. चेर्ला आज तेलंगणात आहे. उरलेला सिरोंचा महाराष्ट्रात असला, तरी तिथल्या बाजारात तेलुगू सहज कानावर पडते.

भाषावार प्रांतरचनेत तराजूच्या एका पारड्यात मराठी होती, दुसऱ्यात तेलुगू. या पट्ट्यातल्या गोंडीला पारडेच नव्हते. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाखांहून अधिक होते, पण ते महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा अनेक राज्यांत वाटले गेले आहेत. आठव्या अनुसूचीत ही भाषा आजही नाही. भामरागडचे माडिया गोंड आणि इंद्रावतीपलीकडच्या अबुझमाडातले त्यांचे सोयरे आज दोन राज्यांचे नागरिक आहेत. भामरागडजवळच्या हेमलकशाच्या दवाखान्यात पलीकडचे रुग्ण येतात, कारण तो जवळ पडतो.

नदीची हद्द तरी पक्की म्हणावी, तर मेडीगड्डा समोर आहे. २०१६ मध्ये दोन्ही राज्यांनी करार केला, २०१९ मध्ये गोदावरीवरचा हा बॅरेज सुरू झाला. तेलंगणाच्या सिंचनासाठी अडवलेले पाणी सिरोंचा तालुक्यातल्या शेतांत शिरले, अशी तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार आहे.

जिवतीकडे परत यायचे, तर खरी अडचण जमिनीची आहे. डोंगरावरच्या पुष्कळ शेतजमिनीची नोंद वनजमीन म्हणून आहे. तिथे गोंड, कोलाम आहेत, तशीच मराठवाड्यातून येऊन वसलेली बिगर आदिवासी कुटुंबेही आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार बिगर आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. दोन पिढ्यांपूर्वी आलेला माणूस तो पुरावा कुठून आणणार? केंद्राचा हा कायदा दोन्हीकडे सारखाच आहे. त्यामुळे गाव महाराष्ट्राचे ठरले तरी सातबारा आपोआप हाती येत नाही.

म्हणूनच या गावांचा कारभार हाती घेताना दोन्ही राज्यांच्या महसूल आणि वन खात्यांनी एकत्र मोजणी करावी, तीही ग्रामसभेसमोर. तेलंगणाच्या दप्तरात ज्यांची कसवणूक नोंदलेली असेल, ती इकडे ग्राह्य धरावी. नवी नोंद हातात पडेपर्यंत एकाही घरचे जुने रेशनकार्ड रद्द होऊ नये, आणि तेलुगू शाळेतल्या मुलांना सुरू असलेले शिक्षण पूर्ण करू द्यावे. सरकारने घोषणेबरोबर हा आदेशही लेखी काढायला हवा.