पुंजी गेली, साधना उरली

रॉक संगीत हा तरुणांचा प्रांत, अशी समजूत पाश्चात्त्य जगात गेल्या सत्तर वर्षांत घट्ट रुजली आहे. या संगीताची बाजारपेठच तारुण्याच्या भांडवलावर उभी राहिली. त्यामुळे गायकाचे केस पांढरे झाले की त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात, असे मानले जाते. एक तर आपल्याच गतवैभवाची नक्कल करीत राहायचे, नाही तर मुकाट्याने मंचावरून उतरायचे. लेनर्ड कोहेन या कॅनेडियन कवी-गायकाच्या ‘लाइव्ह इन लंडन’ या ध्वनिमुद्रिकेने ही समजूत पार खोटी ठरविली. १७ जुलै २००८ रोजी लंडनच्या ओटू अरेना या प्रचंड प्रेक्षागृहात झालेली ही मैफल ३१ मार्च २००९ रोजी दोन सीडींच्या संचाच्या रूपाने रसिकांसमोर आली. गाताना कोहेन यांना चौऱ्याहत्तरावे वर्ष चालू होते.

परदेशातील एका गायकाच्या मैफलीची दखल मराठी कुटुंबांनी कशासाठी घ्यावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर त्यातील गाण्यांत आहे, तसेच ती मैफल ज्या प्रसंगातून उभी राहिली त्या प्रसंगातही आहे.

कोहेन यांचा जन्म १९३४ साली माँट्रियल येथील एका प्रतिष्ठित ज्यू घराण्यात झाला. ते आधी कवी आणि कादंबरीकार. पहिला काव्यसंग्रह १९५६ चा, तर गाण्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९६७ च्या डिसेंबरातील, म्हणजे वयाच्या तेहतिसाव्या वर्षीची. रॉकच्या जगात हे वय उशिराचेच म्हणावे लागेल. १९९३ च्या दौऱ्यानंतर त्यांनी मंच सोडला आणि कॅलिफोर्नियातील माउंट बाल्डी येथील झेन मठात क्योझान जोशू सासाकी या जपानी गुरूंच्या सान्निध्यात वास्तव्य केले. १९९६ मध्ये त्यांनी तेथे भिक्षूची दीक्षाही घेतली. पहाटे उठणे, ध्यान, स्वयंपाकघरातील सेवा असा तेथील कठोर दिनक्रम त्यांनी काही वर्षे पाळला.

मठातून परतल्यानंतर काही वर्षांनी उघड झाले की, निवृत्तीसाठी ठेवलेली त्यांची जवळजवळ सगळी पुंजी नाहीशी झाली आहे. जिच्या हाती दीर्घकाळ सारे व्यवहार विश्वासाने सोपविले होते, त्याच व्यवस्थापिकेविरुद्ध २००५ मध्ये त्यांना न्यायालयात जावे लागले. २००६ मध्ये न्यायालयाने सुमारे ९० लाख डॉलर भरपाईचा निकाल त्यांच्या बाजूने दिला. पण निकाल हाती पडला तरी पैसा हाती पडला नाही. वयाच्या सत्तरीत आयुष्यभराची बचत गमावणे म्हणजे काय, हे पेन्शनच्या आणि मुदत ठेवीच्या आधारावर उतारवय आखणाऱ्या मध्यमवर्गाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा वेळी माणूस एक तर खचतो किंवा कडवट होतो. कोहेन यांनी तिसरा मार्ग निवडला. ते पुन्हा कामाला लागले. बास वाजविणारे रोस्को बेक यांच्या देखरेखीखाली वाद्यवृंद जुळविण्यात आला, दीर्घ तालमी झाल्या आणि ११ मे २००८ रोजी कॅनडातील फ्रेडरिक्टन या लहानशा शहरातून दौऱ्याला आरंभ झाला. तब्बल पंधरा वर्षांनंतर हा वृद्ध गायक श्रोत्यांपुढे उभा राहिला. दोन महिन्यांनी आला लंडनचा तो मुक्काम.

ही ध्वनिमुद्रिका ऐकताना पहिली गोष्ट जाणवते ती आवाजाची. कोहेन यांचा आवाज मुळातच मर्यादित पल्ल्याचा. वयाबरोबर तो आणखी खोल, खर्जात उतरला. परंतु ही मर्यादा त्यांनी कोठेही झाकलेली नाही. उलट स्वतःच्या गळ्याची थट्टा करणारी ओळ येते तेव्हा श्रोते टाळ्यांचा कडकडाट करतात आणि ती दाद मनापासून दिलेली असते. मागच्या खेपेस लंडनला आलो तेव्हा आपण साठ वर्षांचे अजाण पोर होतो, असे ते सांगतात. मधल्या काळात नाना औषधे घेतली, धर्म आणि तत्त्वज्ञान यांचाही कसून अभ्यास केला, तरी मनातली प्रसन्नता काही केल्या दबली नाही, असेही ते हसत हसत ऐकवितात. तरुणपणापासून नैराश्याशी झुंजलेल्या माणसाचे हे उद्गार आहेत, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या विनोदाचे मोल कळते.

दुसरी गोष्ट सहकलाकारांविषयीच्या आदराची. स्पेनचे हाविएर मास आपल्या तंतुवाद्यावर आलाप घेऊ लागले की कोहेन बाजूला होतात. मैफलीच्या चित्रफितीत ते डोक्यावरची हॅट काढून, मान लववून उभे असलेले दिसतात. प्रसंगी गुडघे टेकतात. प्रत्येक वादकाची नावानिशी ओळख करून देतात. ‘इफ इट बी युवर विल’ हे आपले प्रार्थनेसारखे गीत त्यांनी केवळ शब्दांतून उच्चारले आणि गाण्यासाठी वेब भगिनी या तरुण गायिकांच्या स्वाधीन केले. एवढ्या मोठ्या जनसमुदायापुढे आपले उत्तम गीत दुसऱ्याच्या कंठातून ऐकविण्यासाठी मन मोठे असावे लागते. रॉक संगीताने मुख्य गायकाला देव्हाऱ्यात बसविले. येथे तो पुजाऱ्याच्या जागी उभा आहे.

‘हालेलुया’ या गीताची कथा तर सर्वश्रुत आहे. ते ज्या ध्वनिमुद्रिकेत होते ती १९८४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध करण्यास कोहेन यांच्याच कंपनीने नकार दिला होता. पुढे १९९१ मध्ये जॉन केल आणि १९९४ मध्ये जेफ बकली यांनी ते गायिले आणि हळूहळू ते जगभर पोहोचले. लंडनच्या मंचावर मूळ कवी जेव्हा ते गातो तेव्हा गीताबरोबर त्याची पंचवीस वर्षांची वाटचालही ऐकू येते. कसदार निर्मितीला बाजाराने उशिरा ओळखले तरी तिचा कस कमी होत नाही.

या मैफलीवर आक्षेप घेणारेही आहेत. प्रत्यक्ष मैफलीच्या ध्वनिमुद्रिका म्हणजे जुनाच माल नव्या वेष्टनात विकण्याची युक्ती, हा पहिला आक्षेप. तो अनेकांना लागू पडतो. पण येथे जुन्या गीतांचा अर्थच वयाने बदलला आहे. तिशीतल्या कवीने लिहिलेला निरोप सत्तरीतला माणूस उच्चारतो, तेव्हा त्याचे वजन वेगळे होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तेच विनोद, तेच नमन आणि तेच गुडघे टेकणे या दौऱ्यात गावोगावी पुन्हा पुन्हा घडत होते. मग ही नम्रता खरी की बसविलेली? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर अवघड वाटू नये. घरातली सांजवात रोज त्याच वेळी, त्याच शब्दांनी लावली जाते. रोज तेच म्हटले म्हणून ती प्रार्थना खोटी ठरत नाही; रोज म्हटल्यानेच ती अंगी मुरते. ज्याला संस्कार म्हणतात तो पुनरावृत्तीतूनच घडतो. मठातील दिनक्रम ज्याने पाळला, त्याने मंचालाही नित्यकर्माची शिस्त लावली, इतकाच त्याचा अर्थ.

या शिस्तीच्या घडणीत मुंबईचाही वाटा आहे, ही गोष्ट मराठी वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १९९९ मध्ये मठातून बाहेर पडल्यानंतर कोहेन मुंबईत रमेश बाळसेकर यांच्याकडे आले. बाळसेकर हे बँक ऑफ इंडियाच्या उच्च पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ. खेतवाडीतल्या साध्या घरात मराठीतून अद्वैताचा बोध करणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. दक्षिण मुंबईतील आपल्या राहत्या घरी ते सकाळी जिज्ञासूंशी संवाद करीत. ‘कर्ता मी’ हा भाव सुटला की अपराधाचे आणि अभिमानाचे ओझे उतरते, हे त्यांच्या शिकवणुकीचे सार. जगप्रसिद्ध कोहेन त्या बैठकीत इतर श्रोत्यांपैकी एक होऊन बसत. त्याच सुमारास त्यांचे दीर्घकाळचे नैराश्य ओसरू लागले. ते नेमके कशामुळे, याचा दावा त्यांनी केला नाही आणि इतरांनीही करू नये. मात्र वादकाच्या आलापापुढे हॅट काढून उभा राहणारा गायक पाहिला की ‘कर्ता मी’ हा भाव सैल झालेला माणूस कसा दिसतो, याची कल्पना येते.

झेन मठात राहून आणि अद्वैताचे श्रवण करूनही कोहेन यांनी आपला पितृधर्म सोडला नाही. नवा धर्म आपण शोधत नाही, जुन्यातच समाधानी आहोत, असे ते स्पष्टपणे सांगत. लंडनच्या मैफलीतले ‘हू बाय फायर’ हे गीत यहुदी प्रायश्चित्तदिनाच्या प्राचीन प्रार्थनेवरून स्फुरलेले आहे. २४ सप्टेंबर २००९ रोजी इस्रायलमधील रामत गान येथे मैफलीच्या अखेरीस त्यांनी हात उंचावून श्रोत्यांना हिब्रू भाषेत आशीर्वाद दिला. तो देण्याचा परंपरागत मान ज्या पुरोहितकुळाचा, त्याचेच ते वंशज. इतरांच्या परंपरेपुढे विनम्र व्हावे आणि आपली परंपरा घट्ट धरावी, या दोन गोष्टींत त्यांना कधी विरोध दिसला नाही.

गरजेपोटी सुरू झालेला हा प्रवास गरज भागल्यावरही थांबला नाही. १८ सप्टेंबर २००९ रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे ते मंचावरच कोसळले. तीनच दिवसांनी, आपल्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, ते बार्सेलोनात गात होते. त्यांची अखेरची मैफल २१ डिसेंबर २०१३ रोजी ऑकलंड येथे झाली. ७ नोव्हेंबर २०१६ रोजी, ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी अवघ्या सतरा दिवसांपूर्वी त्यांची नवी ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली होती आणि तीत माँट्रियलमधील त्यांच्या बालपणीच्या प्रार्थनामंदिराच्या गायकवृंदाचे स्वर होते.

बँकेतली पुंजी कोणीही लुबाडू शकतो. ती जपावीच, व्यवहारात डोळे उघडे ठेवावेत, हा या कथेचा पहिला धडा. कोहेन त्यात चुकले आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली. परंतु रोजच्या सरावाने हाती, कंठी आणि स्वभावात जे साठते ते कोणाला पळविता येत नाही. घराघरांत निवृत्तीचे हिशेब मांडले जातात, ते मांडलेच पाहिजेत. त्या वहीत एक रकाना या दुसऱ्या पुंजीचाही असावा, आणि तो भरण्याची सुरुवात साठीनंतर करून चालत नाही.