दहा बाय बाराच्या हॉलला सराउंड कशाला?

आमच्या उपनगरांत माणूस घर घेताना कार्पेट एरियासाठी इंचाइंचाने भांडतो आणि स्पीकर घेताना मात्र खोली मोजत नाही. ईद असो की दिवाळी, सेलची जाहिरात दिसली की सराउंड सेट हप्त्यावर घरात येतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘सर, स्टिरिओ आता जुना झाला.’ कुणी सांगितलं? विकणाऱ्याने.

सिनेमा पाहायचा असेल तर हवं ते घ्या, माझी तक्रार नाही. पण गाणी ऐकायची असतील आणि घर अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंडच्या वन बीएचकेमधलं असेल, तर दोन चांगले स्पीकर घ्या आणि थांबा.

५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. त्यातले दोन ऐकणाऱ्याच्या दोन बाजूंना, जरा मागे हवेत. म्हणजे सोफा भिंतीपासून सुटा हवा. आपला सोफा भिंतीला चिकटलेला, कारण रात्री तिथेच गाद्या पडतात. मग मागचा एक स्पीकर फ्रिजवर चढतो आणि दुसरा शोकेसमध्ये कपबशांशेजारी बसतो. ॲटमॉसचे काही स्पीकर छताकडे आवाज फेकतात आणि तो आपटून खाली यावा अशी अपेक्षा असते. त्याला सपाट छत लागतं. आपल्याकडे पंखा, पीओपीची नक्षी आणि माळा.

बरं, समजा हॉल मोठा आहे. तरी ऐकणार काय? बहुतेक घरांत रफी, लता, तलत, बेगम अख्तर. यातलं कितीतरी ध्वनिमुद्रण मोनो आहे, म्हणजे सगळा आवाज एकाच पट्टीत. दोन स्पीकरांवर तो गळा बरोबर मधोमध उभा राहतो. रिमोटवरचं सराउंडचं बटण दाबलं की यंत्र अंदाजाने आवाज फोडतं आणि चार कोपऱ्यांत वाटतं. २००४ साली रंगीत ‘मुगल-ए-आझम’साठी ध्वनी नव्याने घडवला, तेव्हा त्या कामाला स्वतः नौशादसाहेब होते, उत्तम सिंग होते. तेही मोठ्या थिएटरसाठी. आपल्या बटणात नौशाद बसलेले नाहीत.

मी उर्दू शिकवतो, म्हणून मला हे जास्त टोचतं. रफीसाहेबांचा क़ घशातून येतो, ख़ घासून येतो. तो घुमवला की क आणि क़ एक होतात. गझलेत काफिया पकडायचा असतो. तो पाठीमागून घुमत आला तर पकडणार कसा? महफिलीत गाणारा समोर बसतो, साजिंदे त्याच्या आजूबाजूला. कव्वालीतही मुख्य कव्वाल पुढे आणि टाळी देणारे मागच्या रांगेत, पण सगळे ऐकणाऱ्याच्या समोर. तबला आणि पेटीच्या मध्ये बसून ऐकायची हौस कुणाला असते?

काहीजण म्हणतात, आयुष्यात आवाज चहूबाजूंनीच येतो. येतो ना! खाली रिक्षा, वर मिक्सर, शेजारी कुकरची शिट्टी, पलीकडे लोकल. सराउंड आम्हाला फुकट मिळतं. गाणं लावायचं ते त्यातून घटकाभर सुटायला.

शिवाय शेजारी आहेत. ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. लाउडस्पीकरवरून एकमेकांकडे बोटं दाखवणारे आपण सगळे, आपला सबवूफर खालच्या मजल्यावरच्या आजारी म्हाताऱ्याच्या खाटेपर्यंत पोचतो हे मात्र विसरतो. खर्ज भिंतीत अडत नाही.

नवी गाणी ॲटमॉसमध्ये मिक्स होतात, मूळ करणाऱ्यांनीच केलेली असतात, त्यातली काही सुरेख आहेत. ती हेडफोनवर ऐका.

घरात मात्र दोन स्पीकर कानाच्या उंचीवर ठेवा, एकमेकांपासून पाच-सहा फूट, तुमच्यापासूनही तेवढेच. भिंतीला चिकटवू नका. खाली एखादी जाडशी सतरंजी टाका. आणि दुकानात जाल तेव्हा त्यांचा हेलिकॉप्टरवाला डेमो ऐकू नका. तुमचं पाठ असलेलं एक गाणं सोबत न्या, सगळे मोड बंद करायला सांगा आणि शब्द नीट कळतात का तेवढं बघा.