मोडलेल्या हाडाला उपास घडवू नका

हाड मोडलेल्या माणसाला भेटायला येणारा जवळपास प्रत्येकजण खाण्यावरची एखादी बंदी सांगून जातो. आंबट देऊ नका, हाड सांधत नाही. भात बंद करा, सूज चढते. वांगं वातुळ, हरभऱ्याची डाळ वातुळ, अंडी उष्ण, दही थंड. आठवडाभरात रुग्णाच्या ताटात पातळ खिचडी आणि दूध-पोळी एवढंच उरतं. याच्या उलट दुसरा पक्ष ठासून सांगतो की प्लेट बसली, स्क्रू बसले, आता काहीही खा; खाण्याचा आणि हाडाचा काही संबंध नाही. हे दोन्ही पक्ष चुकीचे आहेत, आणि त्यांची किंमत रुग्ण मोजतो.

आधी दुसऱ्या पक्षाचं पाहू. प्लेट-स्क्रू किंवा प्लास्टर मोडलेले तुकडे जागेवर धरून ठेवतात, जोडत नाहीत. जोडण्याचं काम शरीर करतं. मोडल्या जागी रक्ताची गाठ होते, काही आठवड्यांत तिथे मऊ कूर्चा तयार होते, मग तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचे क्षार साठून कठीण हाड बनतं आणि पुढे कित्येक महिने ते घडत राहतं. हाडच जुळलं नाही, तर भार सोसून सोसून एक दिवस प्लेटही मोडते. हाडाच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग सेंद्रिय असतो आणि त्यात मुख्यतः कोलॅजन, म्हणजे प्रथिन असतं. हे प्रथिन ताटातून आलं नाही, तर शरीर ते स्वतःच्या स्नायूंतून काढून घेतं. हाड जुळेपर्यंत पायात उभं राहण्याचं बळ उरत नाही, ते यामुळेही.

१९९० साली जिनिव्हाच्या डॉक्टरांनी खुब्याचं हाड मोडलेल्या ५९ वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या जेवणाखेरीज काहींना रोज २० ग्रॅम प्रथिनं असलेला पूरक आहार दिला होता. त्यांच्यात गुंतागुंती कमी झाल्या आणि रुग्णालयातल्या त्यांच्या मुक्कामाचा मध्यक ४० दिवसांवरून २४ दिवसांवर आला. खाण्याचा संबंध नाही, असं यानंतर कुणी कसं म्हणावं?

आता पथ्यवाल्यांकडे वळू. आंबटाच्या बंदीला आधार आहे, हे आधी मान्य करायला हवं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अस्थिभंगाच्या रुग्णाला आंबट, खारट, तिखट आणि रुक्ष अन्न वर्ज्य सांगितलं आहे. पण तिथेच साळीचा भात, दूध, तूप, मांसरस, वाटाण्याचं कढण आणि शरीराचं पोषण करणारं सगळं अन्न द्यायला सांगितलं आहे. आपण मनाई तेवढी जपली आणि आज्ञा सोडून दिली. सुश्रुताने आवर्जून द्यायला सांगितलेला भात आपण त्याच परंपरेच्या नावाने बंद करतो.

आंबटाबद्दल मात्र आज सुश्रुताच्याही पुढे जायला हवं. अँसन या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याच्या १७४० साली निघालेल्या सफरीत स्कर्व्हीने माणसं पटापट मेली. त्या सफरीच्या वृत्तांतात ‘सेंच्युरियन’ जहाजावरच्या एका जुन्या सैनिकाची नोंद आहे. पन्नास वर्षांपूर्वी बॉइनच्या लढाईत झालेल्या त्याच्या जखमा पुन्हा उघडल्या आणि केव्हाच जुळून आलेलं हाड कधी जुळलंच नव्हतं असं सुटं झालं. कोलॅजनचे धागे पक्के व्हायला क जीवनसत्त्व लागतं आणि ताजी फळं-भाजी नसल्याने ते त्याच्या शरीरात उरलं नव्हतं. १७४७ मध्ये जेम्स लिंड या आरमारी डॉक्टराने स्कर्व्हीच्या रुग्णांना संत्री आणि लिंबं दिली, तेव्हा ते आठवडाभरात सुधारले. लिंबू, आवळा, पेरू हाडाचे वैरी नाहीत. त्यांच्यातल्या क जीवनसत्त्वावाचून हाड नीट जुळत नाही.

पाया सूप, डिंकाचे लाडू आणि कॅल्शियमच्या गोळ्या यांच्यावरचा आंधळा विश्वासही सोडायला हवा. हाडं उकळून पाण्यात कॅल्शियम फारसं उतरत नाही. डिंक हाड चिकटवत नाही. लाडवाचा उपयोग त्यातल्या खारीक-खोबऱ्याचा आणि तुपाचा. शरीरात कॅल्शियमची कमतरता असेल तर गोळी हवीच, पण ड जीवनसत्त्व कमी असेल तर कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, आणि प्रथिन नसेल तर ते बसायला चौकटच नसते.

मग द्यायचं काय? खुबा मोडलेल्या, पन्नास किलो वजनाच्या आजींचं ताट बघा. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी मऊ भात आणि वरणाचं पाणी, रात्री दूध-पोळी. यात प्रथिनं पंचवीस ग्रॅमही भरत नाहीत. एरवीसुद्धा त्यांना चाळीसच्या वर लागतात. अशा दुखण्यात साठच्या आसपास हवीत. ती आपल्याच स्वयंपाकघरात मिळतात. सकाळी दुधातलं नाचणीसत्त्व आणि दोन अंडी. दुपारी घट्ट वरण, त्यावर लिंबू, मटकीची उसळ, दही, भात किंवा भाकरी. चार वाजता मूठभर शेंगदाणे किंवा तिळाचा लाडू. रात्री झुणका-भाकरी, घरात चालत असतील तर मासे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. मोठ्या माणसाची रोजची गरज हजाराची. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

आणि काही बंद करायचंच असेल, तर तंबाखू बंद करा. विडी-सिगारेट तर सोडाच, पण मळलेली तंबाखू आणि आजींची मिश्रीसुद्धा. निकोटिनने रक्तवाहिन्या आखडतात आणि हाड जुळायला वेळ लागतो. लिंबाची फोड ताटातून काढणारं घर मिश्रीच्या डबीकडे काणाडोळा करतं, हे मला फार लागतं.

रुग्णालयातून घरी सोडताना औषधांच्या चिठ्ठीवर आहारही लिहून मिळाला पाहिजे, आणि तो रुग्णाच्या नातेवाइकांनी हक्काने मागितला पाहिजे. भेटायला जाणाऱ्यांनी बंदी सांगायची सोडून उसळीचा डबा न्यावा. विशेषतः घरातल्या बाईचं हाड मोडतं तेव्हा. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाण्याची तिची सवय निदान हाड जुळेपर्यंत तरी मोडायला हवी: पहिलं आणि भरलेलं ताट तिचं.