तान्ह्या बाळाचा प्रवास : हौस नव्हे, गरज

‘तान्ह्या बाळाला परदेशी नेण्याची घाई कशाला?’ हे पत्र वाचले. त्यातली काळजी रास्त आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. पहिल्या बाळंतपणासाठी दुबई-मस्कतहून कोल्हापुरात माहेरी आलेल्या मुलीला रजा संपली की परतावेच लागते.

बाळ आईच्या पासपोर्टवर जाते, हे पत्रातील विधान चूक आहे. बाळाला स्वतंत्र पासपोर्ट आणि व्हिसा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. म्हणून बारसे लांबवू नये. दाखल्यावर नाव लगेच घालून घ्यावे.

जन्मानंतर पहिले ४८ तास विमानप्रवास नको, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. दीड महिन्याच्या लसी टोचून, डॉक्टरांना दाखवून निघणे अधिक चांगले. विमान चढता-उतरताना बाळाला पाजले, तर कानांना दडे कमी बसतात. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून थेट परदेशी विमान नाही, तेव्हा मुंबईत एक मुक्काम करावा.

वडीलधाऱ्यांना विनंती, बाळंतिणीला बोल लावू नका. तिच्या तयारीला हातभार लावा.

— एक आजी, राजारामपुरी, कोल्हापूर