परदेशातलं भाड्याचं घर आणि आपलं अचौर्य व्रत



माझी लेक आणि जावई लंडनला असतात. यंदा दशलक्षण पर्वाला दोघंही दीड महिन्यासाठी कोल्हापूरला यायचं ठरलं आणि मी आनंदात होते. तिकिटं काढली त्याच रात्री लेकीचा फोन आला.

"आई, घर दीड महिना बंद राहणार. भाडं मात्र भरावंच लागणार. फर्निचर, फ्रीज, भांडीकुंडी सगळं आहेच. ॲपवर टाकून चार-चार दिवसांसाठी पर्यटकांना दिलं तर? इथं सगळे करतात गं. तिकिटांचे पैसे निघतील."

तिच्या घराचं भाडं महिन्याला 1800 पौंड. दीड महिन्याचे म्हणजे आपले तीन लाख रुपये. रक्कम लहान नाही. तरी माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "आणि तुझ्या तव्यावर कुणी अंडी केली म्हणजे?"

दुसऱ्या दिवशी मंदिरात मैत्रिणींपाशी विषय काढला. त्यांचंही तेच. खाणारे-पिणारे आले तर? भांडी कुलपात ठेवायला सांग. गॅसच वापरू देऊ नको म्हणावं. सगळा काळजीचाच सूर, आणि काळजी खोटीही नव्हती. पण संध्याकाळी आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "घर तिचं आहे का? मालकाला विचारलंय?"

मी गप्प झाले. आम्ही दहा जणींनी भांड्यांची शुद्धी विचारली, कराराची शुद्धी एकीनेही विचारली नव्हती.

दशलक्षणात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय ऐकतो. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. त्यात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीला प्रवृत्त करणं, चोरीचा माल घेणं, खोटी मापं वापरणं, भेसळ करणं हे आपल्याला चटकन समजतं, कारण आपल्या घरांत दुकानदारी आहे. उरलेला म्हणजे विरुद्धराज्यातिक्रम. राज्याचे नियम डावलून लाभ मिळवणं. तो आपण ऐकतो आणि पुढे जातो. चोरी म्हणजे तरी काय? अदत्तादान. जे दिलेलं नाही ते घेणं. मालकाने लेकीला घर राहायला दिलंय, लॉज चालवायला दिलेलं नाही. न दिलेला हक्क वापरून पैसे मिळवले तर त्याला दुसरं काय म्हणणार?

हे लांबचं वाटत असेल तर आपल्या गावात आणून बघा. समजा राजारामपुरीतला तुमचा फ्लॅट तुम्ही एका नोकरदार मुलाला अकरा महिन्यांच्या कराराने दिलाय. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो. पोटभाडेकरू ठेवायचा नाही, हे कलम त्यात बहुतेक असतंच. नवरात्रात तो मुलगा गावी गेला आणि अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या अनोळखी लोकांना रात्रीच्या दराने तुमचं घर देऊन गेला. तुम्हाला कळलं शेजारणीकडून. काय वाटेल तुम्हाला? मग लंडनच्या मालकाला वेगळं का वाटावं?

लेकीने करार काढून वाचला. मालकाच्या लेखी संमतीशिवाय घर दुसऱ्याला द्यायचं नाही, असं स्पष्ट लिहिलेलं. जावयांनी आणखी माहिती काढली. लंडनमध्ये पूर्ण घर असं थोड्या थोड्या दिवसांसाठी द्यायचं तर वेगळी परवानगी घेतल्याशिवाय वर्षाला 90 रात्रींच्या पुढे देता येत नाही. हा नियम 2015 चा. 2016 मध्ये तर तिथल्या न्यायाधिकरणाने एका फ्लॅटच्या मालकिणीविरुद्ध निकाल दिला. फ्लॅट फक्त खाजगी राहण्यासाठी वापरायचा, अशी तिच्या लीजमध्ये अट होती, आणि चार दिवसांचे पाहुणे पैसे घेऊन ठेवणं त्यात बसत नाही, असं ठरलं. मालकिणीची ही गत, तर भाडेकरूने काय बोलावं?

गाव बदललं की नियम बदलतो. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर 2023 पासून तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर नोंदणी लागते आणि देणाऱ्याने स्वतः तिथेच राहावं लागतं. म्हणजे तुम्ही भारतात आणि पाहुणे तुमच्या घरात, हे जमतच नाही. सिंगापूरला खाजगी फ्लॅट तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी देता येत नाही, सरकारी एचडीबीचा सहा महिन्यांपेक्षा कमी नाही. हे नियम उगाच आलेले नाहीत. घरं पर्यटकांकडे वळली की गावात राहणाऱ्यांना, शिकायला आलेल्या पोरांना घर मिळत नाही. आपल्या चार पैशांच्या मागे कुणाची तरी अडचण असते, तीही हिंसाच म्हणायची.

"कोणाला कळतंय?" असं म्हणणाऱ्याही भेटतील. आमच्या ओळखीतला एक मुलगा लग्नासाठी इचलकरंजीला आला होता. अमेरिकेतलं घर न विचारता ॲपवर टाकून आला. पाहुण्यांनी रात्री गोंधळ घातला, शेजाऱ्यांनी तक्रार केली, आणि हळदीच्या दिवशी त्याला घर सोडण्याची नोटीस ईमेलवर आली. पण मला म्हणायचंय ते वेगळं. नोटीस आली नसती तरी ते चूकच होतं. व्रत कोणाला कळण्यावर ठरत नाही.

मग घर रिकामंच ठेवायचं का? तसंही नाही. जिथे माणसं घरासाठी वणवण करतात तिथे फर्निचरसकट घर कुलूप लावून ठेवण्यात काही पुण्य नाही. मी लेकीला म्हटलं, "आधी विचार. नाही म्हणाले तर नाही."

तिने मालकाला ईमेल केली. उत्तराला आठवडा लागला. रात्रीच्या दराने पर्यटक चालणार नाहीत, पण ठरलेली एकच व्यक्ती, नावानिशी, मुदत लिहून दिलीत तर चालेल, असं ते म्हणाले. योगायोगाने सांगलीची एक मुलगी तिकडे शिकायला जात होती आणि तिची खोली महिन्याभराने मिळणार होती. इंग्लंडमध्ये घर देणाऱ्याला, भाडेकरू पुढे देत असेल तर त्यालाही, येणाऱ्याला तिथे राहण्याचा हक्क आहे की नाही ते तपासावं लागतं. लेकीने तिचा पासपोर्ट आणि व्हिसा पाहिला, साधा लेखी करार केला, आणि घरात काय आहे त्याचे फोटो दोघींनी ठेवले.

ती मुलगी जैन नव्हती. लेकीने आधीच सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात मांस, मच्छी, अंडी शिजत नाहीत. जमत असेल तरच ये. तिने मान्य केलं. शास्त्रं, जपमाळ आणि पूजेची भांडी लेकीने एका पेटीत घालून मैत्रिणीकडे ठेवली. परत गेल्यावर ओट्याखाली कांदे-बटाट्यांची टोपली सापडली, एवढंच! लेक फोनवर हसत होती. मीही हसले. टोपली बाहेर ठेवता येते.

हिशेब सांगायचा तर त्या मुलीने 900 पौंड दिले. उरलेले 1800 लेकीच्या खिशातून गेले. जवळजवळ दोन लाख रुपये. बोचतात. ॲपवर टाकलं असतं तर तेही निघाले असते, हे मला कळतं. पण यंदा सातव्या दिवशी ती माझ्या शेजारी बसून तो अध्याय ऐकत होती. अचौर्याचं सूत्र आलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला मान खाली घालावी लागली नाही.

तुमची मुलं बाहेरगावी, बाहेरदेशी भाड्याच्या घरात असतील आणि घर बंद करून यायचं म्हणत असतील, तर तव्याचं जरूर विचारा. पण त्याआधी एवढंच विचारा, "मालकाला विचारलंस का रे?"