कोया पर्वतावरील ओनामा

जपान म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें यंत्रें आणि धांवत्या आगगाड्या उभ्या राहतात. त्या देशांत एखाद्या मठांत उतरून चटईवर बसावें, कांदा-लसूणहि वर्ज्य असलेलें अन्न सेवावें आणि पहाटे होम पाहावा, असा योग माझ्यासारख्या पेन्शनर शाळामास्तराच्या वांट्यास येईल असें कोणी सांगितलें असतें, तर मीं तें हंसण्यावारी नेलें असतें. परंतु गेल्या आश्विनांत तो योग आला.

चिरंजीव नोकरीनिमित्त ओसाका येथें सहकुटुंब राहतात. सात वर्षांचा नातू तेथेंच वाढलेला; मराठी बोलतो, पण मराठी अक्षर ओळखीत नाहीं. पहिल्याच दिवशीं मीं हा विषय काढला. "बाबा, त्याला जपानी लिपीचाच भार पुरे झाला आहे. आणखी हें शिकून उपयोग काय?" असें चिरंजीव म्हणाले. मी रागावलों, नको तितकें बोललों, आणि दोन दिवस घरांत अबोला राहिला. तो मोडावा म्हणून सूनबाईंनीं कोयासानचा बेत काढला.

ओसाकाहून आगगाडी डोंगर चढत जाते. शेवटच्या स्थानकाचें नांव गोकुराकुबाशी, म्हणजे स्वर्गाचा पूल! तेथून तारेनें ओढली जाणारी गाडी पांच मिनिटांत वर नेते. सुमारें ८०० मीटर उंचीच्या या पठारावर कूकाइ नांवाच्या आचार्यांनीं इ. स. ८१६ मध्यें मठ स्थापिला. ते ८०४ मध्यें चीनला गेले होते व तेथें प्रज्ञ नांवाच्या भिक्षूपाशीं संस्कृत शिकले होते. आज येथें ११७ मंदिरें असून त्यांपैकीं सुमारें पन्नास मंदिरांत प्रवाशांना उतरतां येतें. अशा जागेस 'शुकुबो' म्हणतात.

आम्हीं दाराशींच जोडे काढले. खोलींत गवती चटया, कागदी सरकतीं दारें आणि एक ठेंगणें मेज, एवढेंच सामान. रात्रीं कपाटांतील गाद्या काढून जमिनीवर अंथरतात. जेवण लहान लहान वाट्यांतून आलें: तिळाच्या वाटणाची मऊ वडी, सोयाबीनच्या दुधाचें गोठवून वाळविलेलें 'कोयादोफू', भाज्या, कढण आणि भात. माझी पहिली चिंता मिटली. स्नानाच्या वेळीं मात्र मीं चूक केली. ऊन पाण्याचा हौद सर्वांसाठीं एकच असतो. बाहेर अंग स्वच्छ धुवूनच त्यांत उतरावयाचें. मी सरळ उतरूं लागतांच नातवानें हात धरला. "आजोबा, आधीं अंग धुवा!" जन्मभर सोंवळ्यावर व्याख्यानें देणाऱ्या माणसास त्या पोरानें शुचिता शिकविली.

पहाटेच्या उपासनेंत पुरोहित अग्नींत समिधा अर्पण करीत होते. त्या विधीस तेथें 'गोमा' म्हणतात. तो आपला होमच. मंत्रांचे उच्चार जपानी. पण 'सोवाका' हा शब्द पुनःपुन्हां कानीं येत होता. तो 'स्वाहा' आहे हें ध्यानांत येतांच अंगावर रोमांच उभे राहिले.

नंतर एका तरुण भिक्षूसह आम्ही ओकुनोइन येथें गेलों. दोन किलोमीटरांची वाट, दोहों बाजूंस शेंकडों वर्षांचे उंच सुगी वृक्ष आणि त्यांच्या छायेंत दोन लाखांहून अधिक समाध्या. वाटेच्या शेवटीं कूकाइंची समाधि आहे. ते इ. स. ८३५ पासून तेथें ध्यानस्थच आहेत अशी श्रद्धा असल्यानें आजहि रोज दोन वेळां त्यांच्यासाठीं भोजन नेतात.

वाटेंतील पुष्कळ समाध्या पांच आकारांच्या दगडांनीं रचलेल्या आहेत: खालीं चौकोन, त्यावर वर्तुळ, त्रिकोण, अर्धचंद्र आणि शेवटीं मणि. प्रत्येकावर एक अक्षर. भिक्षूनें आदरानें विचारलें, "आपण भारतांतील संस्कृताचे गुरुजी. हें वाचून दाखवाल काय?" चिरंजीवांनीं भाषांतर केलें. मीं चष्मा पुसला, जवळ गेलों; एकहि अक्षर धड लागेना. मग तोच एकेका दगडावर बोट ठेवून वाचूं लागला: अ, व, र, ह, ख. पृथ्वी, आप, तेज, वायु, आकाश! जीं पंचमहाभूतें मीं तीस वर्षें वर्गांत घोकून घेतलीं, तीं समोर उभीं असतां मला ओळखतां आलीं नाहींत.

या लिपीस तेथें 'शित्तान' म्हणतात, म्हणजेच सिद्धम्. आपण कोणत्याहि आरंभास 'ओनामा' म्हणतों, तो 'ॐ नमः सिद्धम्' याचाच अवशेष होय. आपल्याकडे ती लिपि प्रचारांतून गेली. येथें बाराशें वर्षें टिकली. ती कशी, असें मीं विचारलें. भिक्षु म्हणाला, "आम्ही 'अ' समोर ठेवून ध्यानास बसतों."

तें लहानसें उत्तर माझ्या वर्मीं लागलें. नातवाच्या अक्षरासाठीं मी मुलाशीं भांडलों, पण त्या नातवाजवळ पाटी घेऊन एक दिवसहि बसलों नव्हतों. अक्षर अभिमानानें टिकत नाहीं, गिरविल्यानें टिकतें.

त्या रात्रीं नातवानें आपण होऊन कागद पुढें केला. "आजोबा, दगडावरचा तो अ आपण कसा लिहितों?" मीं लिहिला, त्यानें गिरविला. मग त्यानें मला जपानी 'अ' घातला. माझें वळण त्याच्याहून वांकडें आलें व तो पोट धरून हंसला. चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं फक्त पेन्सिलीला टोंक करून दिलें.

आतां मी पुण्यास परत आलों आहें. दर रविवारीं आम्ही आजोबा-नातू दूरध्वनीच्या पडद्यावर भेटतों. तो एक मराठी अक्षर दाखवितो, मी एक जपानी. ज्यांचीं नातवंडें परदेशीं आहेत अशा वाचकांस माझी एवढीच विनंति आहे: उपदेश थोडा करावा आणि पाटी घेऊन बसावें.